कोमट पाणी

फोन आला तेव्हा गोकुळचा डावा हात कोपराच्या वरपर्यंत पाशाभाईच्या गायीत होता. उजव्या हातात गन, गनमध्ये वळूच्या बियाची कांडी, आणि कांडी नुकतीच कोमट पाण्यातून काढलेली. शर्टाच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरायला लागला. "डॉक्टर, कुणाची तरी गाय लईच माजावर आलीय," पाशाभाई शेपटी धरून हसत म्हणाला. मग त्यानंच फोन काढला, नाव वाचलं, "पप्पू, तुमचा मेव्हणा," असं म्हणून तो गोकुळच्या कानाला लावला. पप्पू सकाळपासून पुण्याला दवाखान्यात होता, आजारी बहिणीजवळ, मोनालीजवळ बसायची त्या दिवशी त्याची पाळी होती. "दाजी," पप्पू म्हणाला. मागं कुणीतरी जेवणाची ताटं एकावर एक ठेवत होतं, तेवढा आवाज आला. "कळलं," गोकुळ म्हणाला.

गर्भाशयाचं तोंड बोटांत सापडलेलं होतं. वितळलेली कांडी थांबत नाही. त्यानं गनचा दट्ट्या सावकाश दाबला, जसा दाबायचा तसाच, घाई न करता. मग हात बाहेर काढला, हातमोजा उलटा करून टाकला, बादलीत हात धुतले आणि रोज म्हणतो तेच म्हणाला, "एकवीस दिवसांनी बघा. उलटली तर फोन करा." एवढं झाल्यावर तो गव्हाणीच्या कठड्यावर बसला. गाय मागं वळून त्याच्याकडं बघत होती. "काय झालं डॉक्टर?" पाशाभाईनं विचारलं. "मोनाली गेली." पाशाभाईची बायको हुसेनबी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि तांब्या तसाच हातात ठेवून उभी राहिली. पाणी त्याला द्यावं की देऊ नये, हे तिला कळेना.

ती गाय आधी तीनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर आली होती. त्या दिवशी मात्र तिनं गाभ धरला. हे गोकुळला दोन महिन्यांनी कळलं, आणि तेव्हापासून तो पाशाभाईच्या गल्लीत जात नाही. त्या मिनिटाचा विचार करायचा नाही असं तो ठरवतो, आणि भाकरी मोडताना, गाडीला किक मारताना ते मिनिट येतं. तेव्हा हात काढून घेतला असता तर काय झालं असतं? काही नाही. कांडी वाया गेली असती. मोनाली तर आधीच गेली होती. पण तिच्या जाण्यानंतर त्यानं केलेली पहिली गोष्ट म्हणजे एका गायीच्या पोटात जीव ठेवला, आणि हे त्याला कुणाला सांगता येत नाही, कारण ऐकणारा म्हणेल, अहो मग चांगलंच झालं की.

न्हावऱ्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर गोकुळला सगळे डॉक्टर म्हणतात. तो डॉक्टर नाही. मोटारसायकलच्या मागं नायट्रोजनची टाकी बांधून गोठ्यागोठ्यावर जातो आणि माजावर आलेल्या गायी भरवतो. टाकीत वळूचं बी बारीक कांड्यांत गोठवलेलं असतं. कांडी चिमट्यानं काढायची, कोमट पाण्यात धरायची, पुसायची, गनमध्ये भरायची आणि लगेच वापरायची. एकदा कोमट पाण्यात गेलेली कांडी पुन्हा टाकीत जात नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. त्याच्या म्हाताऱ्या बापालाही, गेणबालाही तो पाठ झालेला. टाकीचं झाकण बरेचदा गेणबाच उघडून द्यायचा आणि आतून पांढरी वाफ वर आली की म्हणायचा, "गारठ्यात जीव ठेवायचा म्हंजी इपरीतच हाय बाबा." गेणबानं निम्मी हयात मेंढरांमागं घालवली होती. त्याच्या लेखी जीव राहायचा तो उबेत, घोंगड्याच्या आत, छातीशी धरलेल्या कोकरात. आता मेंढरं नाहीत, दोन एकर कांदा आहे आणि पोराची टाकी आहे.

मोनाली न्हावऱ्याच्या दूध डेअरीवर मशीनला बसायची. कॅन यायचे, ती दुधाचा नमुना घ्यायची, फॅट लावायची. गायी भरवणारा नवरा आणि दूध मोजणारी बायको, म्हणून गावाला चेष्टा करायला बरं पडे. लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल झालं नाही, तेव्हा चेष्टेला धार आली. चहाच्या टपरीवर शंभू मोठ्यानं म्हणायचा, "आमचे डॉक्टर गावच्या गाया भरवत्यात आन् घरचीच उलटतीय!" सगळे हसायचे. गोकुळही हसायचा. घरी आला की आंघोळीला जास्त वेळ लावायचा.

मग मोनालीच्या छातीत गाठ निघाली. पुण्याच्या मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. केमोची औषधं सुरू झाली की पोटातली अंडी जळून जातात, म्हणून त्याआधी ती काढून ठेवू. "ठरवायचं एवढंच," मॅडम म्हणाल्या, "नुसती अंडी गोठवायची, की तुमचं बी मिसळून गर्भ तयार करायचे आणि ते गोठवायचे. अंडं नाजूक असतं, वितळवताना त्यातली काही जातात. गर्भ जास्त टिकतो. पण अंडी राहतात एकट्या मोनालीची. गर्भ दोघांचा होतो, पुढं त्याचं काहीही करायचं तर दोघांनी ठरवायला लागतं." त्या मोनालीकडं बघून बोलत होत्या. "अंडी," मोनाली लगेच म्हणाली, जणू येताना रेल्वेच्या शटलमध्येच तिनं ठरवलं होतं. गोकुळला हसू आलं. त्याला ते हसू आजही आठवतं, गालाची कुठली बाजू वर गेली होती इथपर्यंत. "मॅडम," तो म्हणाला, "आपण त्याच लाईनीतले. कच्चं ठेवण्यापेक्षा धरलेलं बरं." मोनालीनं चपलेचा अंगठा चाचपत विचारलं, "अर्धी अशी, अर्धी तशी न्हाई का ठेवता येणार?" मॅडम म्हणाल्या, येतात की. आणि गोकुळ म्हणाला, "एवढ्याशा मालात कसल्या वाटण्या करायच्या?" मॅडमचं लिहिणं थांबलं. मोनालीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग मॅडमना म्हणाली, "यांना कळतं त्यातलं. तसंच करा."

त्या संध्याकाळी केडगाव स्टेशनवर उतरून, सासरवाडीत ठेवलेली गाडी घेऊन ते न्हावऱ्याला निघाले. सासूनं, धुरपदामामीनं, दारात मोनालीला सांगितलं, "जावई त्यातला जाणकार हाय. तू मधी मधी बोलू नगं." पारगावच्या पुलावर भीमेचा वारा लागला. मोनाली मागून काहीतरी म्हणाली. "काय?" त्यानं मान वळवून विचारलं. "काय न्हाई. माल म्हणालात." "तोंडात बसलंय गं ते." "व्हय," ती म्हणाली, "बसलंय." पुढं घर येईपर्यंत तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, पण नुसता ठेवलेला, धरलेला नव्हता.

इंजेक्शनं झाली, अंडी काढली, आणि काही दिवसांनी मॅडमचा फोन आला, दोन गर्भ तयार झालेत. गोकुळ रस्त्यात होता. त्यानं गाडी उसाच्या कडेला लावली आणि उगाच उभा राहिला. त्याला बायकोची गाठ आठवली नाही, मूल डोळ्यापुढं आलं नाही. आला तो शंभूचा चेहरा. आपलं बी धरतंय. दोष आपल्यात नव्हता. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि ते उतरलं ते कुणाच्या छातीवर जाऊन बसलं, हा प्रश्न तेव्हा त्याला पडला नाही. टपरीवर त्यानं सगळ्यांना चहा पाजला. शंभू म्हणाला, "डॉक्टर, बायको आजारी आन् तुम्ही पार्टी देताय, काय खरं न्हाई तुमचं." घरी मोनाली पोटाला गरम पाण्याची पिशवी धरून कुशीवर पडली होती. "दोन झाले," तो म्हणाला. "दोन," ती म्हणाली. मग तिनं कूस बदलली. "अंडं होतं तवर कुणी नव्हतं," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "आता ते कुणीतरी झाले." त्याला ते बायकी बोलणं वाटलं.

त्या थंडीत तिचे केस गेले. अंगावर घोंगडं घेऊन ती उन्हात बसायची आणि तो टाकी गाडीला बांधत असला की विचारायची, "अहो, तिथं किती गार असतं?" "उणे एकशे शहाण्णव." "आकडा न्हाई विचारला." तो हसून गाडी काढायचा. तिला काय विचारायचं होतं? तिनं तीन-चारदा विचारलं आणि त्यानं तीन-चारदा आकडा सांगितला. आता तो कधी कधी टाकीचं झाकण उघडून हात वर धरतो. वाफ बोटांवरून जाते. तळहात आधी गार पडतो, मग दुखतो, मग काहीच वाटेनासं होतं. याच्याखाली अजून कितीतरी आहे. तिथं काही दुखत नसणार. तिथं काहीच नसणार, हेच सांगायला हवं होतं तिला. की तेच तिला नको होतं ऐकायला?

या पावसाळ्यात, मोनालीला जाऊन नऊ महिने झाले तेव्हा, दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. पुण्याच्या मॅडमचा फोन आला. त्या सावकाश बोलल्या. एकट्या पुरुषाला कायद्यानं गर्भ वापरता येत नाहीत, पुढं लग्न केलंत तरी ते सोपं नाही, तेव्हाचा कायदा बघावा लागेल. पण ठेवायचे की सोडून द्यायचे, हे तुम्ही एकदा कळवा. "सोडून देणं म्हंजी काय करता मॅडम?" "बाहेर काढून ठेवतो." त्याला एवढं पुरलं. आणि रविवारी धुरपदामामी पप्पूच्या गाडीवर बसून आली. तिच्या पिशवीत चार कणसं होती आणि मनात सगळं ठरलेलं होतं.

"पाव्हणं," ती म्हणाली, "आमची सोनम करून घ्या. बहिणीच्या जागी बहीण, आपल्यात काय नवं न्हाई. मीबी थोरलीच्या जागीच आले ना? थोरलीचा ज्योतिबा मी अंगावर पाजला. लोकं मला त्याचीच आई समजत्यात." तिचा आवाज मऊ होता. "मोनीची दोन लेकरं गारठ्यात पडल्यात. सोनमच्या पोटात ठिवा. लेकीचं लेकरू लेकीच्याच पोटी यील. परकी बाई कशाला?" पप्पू मोबाईलकडं बघत होता. गोकुळनं कायद्याचं सांगायला सुरुवात केली, तर मामी म्हणाली, "कायद्याचं तुम्ही बघा की, तुम्ही डॉक्टर हाय." गेणबा ओट्यावरून म्हणाला, "बाई बोलती ते खोटं न्हाई. मेंढी मेली की तिचं कोकरू दुसरीला लावत्यातच. अंगाला मीठ चोळायचं. दुसरी चाटती. एकदा चाटलं की तिचंच." गोकुळ काही बोलला नाही. दोन गर्भ, त्याचे आणि तिचे, कुठंतरी उबेत जातील. तिच्या कपाळाचा आकार, तिची आखूड बोटं परत येतील. एवढं एकच चित्र त्याला दिसलं आणि त्यात सोनम कुठंच नव्हती. ती लोकं निघून गेली तरी ते चित्र राहिलं, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला त्या दिवशी भूक लागली.

सोनमनं त्याला शिरूरच्या एसटी स्टँडवर बोलावलं. ती रांजणगावच्या कंपनीत लाईनवर होती आणि दोन मैत्रिणींबरोबर शिरूरला खोली करून राहायची. कंपनीच्या निळ्या शर्टातच आली. केसांना जाळी लावल्याची खूण कपाळावर तशीच होती.

"चहा सांगू का?" तो म्हणाला.

"चहा नको दाजी. तुम्ही आईला काय म्हणालात?"

"काहीच न्हाई म्हणालो अजून."

"तेच तर. तुम्ही गप्प म्हंजी व्हय, असं धरून ती साड्या बघत हिंडतीय." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पप्पूनं सांगितलं मला तुमचे आबा काय बोलले ते. मी मेंढी न्हाई, दाजी. मीठ चोळलं म्हणून मी चाटणार न्हाई."

त्याला नको असताना हसू आलं. तीही हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. समोर दौंडची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता. गोकुळनं खाली बघून विचारलं, "कंपनीत कुणी हाय का?"

"असलं तरच न्हाई म्हणायचं का? कुणी न्हाई. तरीबी न्हाई." मग ती शांत आवाजात म्हणाली, "ताईला अंडीच ठेवायची होती. म्हाईत हाय ना तुम्हाला?"

"व्हय."

"का, ते म्हाईत हाय?"

इतके दिवस त्याला वाटत होतं की त्याला माहीत आहे. तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता, तिला काहीतरी स्वतःचं वेगळं ठेवायचं होतं, असं तो धरून चालला होता, आणि तिच्या शेवटच्या आजारपणात पाय चेपतानाही ती बारीक सल त्याच्या मनात कुठंतरी होती.

"ती म्हणली, अंड्याला आई लागत न्हाई सोनम," सोनम म्हणाली. "मी मेले तर अंडीबी माझ्यासंगं गेली, कुणाचं काय अडत न्हाई. गर्भ ठेवला तर ही लोकं त्याला आई शोधायला निघतील. आन् आपल्यात शोधायला लांब जात न्हाईत."

"मला का न्हाई सांगितलं तिनं?"

"सांगणार होती. पण तुम्ही म्हणे मॅडमला म्हणालात, आपण त्याच लाईनीतले."

गाडी सुटली. स्टँडवर डिझेलचा धूर राहिला. सोनम म्हणाली, "माझं 'न्हाई' आईला ऐकू येत न्हाई दाजी. तुमचं यील. तुम्ही डॉक्टर हाय." यात टोमणा होता की नव्हता, हे त्याला तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

शिरूरहून न्हावऱ्यापर्यंत तो गाडी हळू चालवत आला. मागं टाकी होती, तिच्यात द्रव हलल्याचा आवाज यायचा तेव्हा त्याला पाठीत कळायचं. मोनाली मागं बसली की असंच पाठीत कळायचं. ती तिथं मॅडमसमोर बसून, छातीत गाठ घेऊन, स्वतःच्या मरणाच्या पलीकडं जाऊन धाकट्या बहिणीचा विचार करत होती, आणि तो शंभूचा विचार करत होता. अर्धी अशी, अर्धी तशी, असंही तिनं विचारून पाहिलं होतं. म्हणजे निम्मी वाट तिनं त्याच्यासाठी सोडली होती. त्यानं तिला माल म्हटलं. न्हावऱ्याच्या फाट्यावर तो थांबला नाही, तसाच चौफुल्यावरून केडगावला गेला.

धुरपदामामी अंगणात बाजरी पाखडत होती. "या पाव्हणं," म्हणून ती उठली. त्यानं उभ्यानंच सांगितलं. "मामी, मी पुण्याला जाऊन आलो. ते दोन्ही जगले न्हाईत." सूप तिच्या हातात राहिलं. "कशानं?" "कोमट पाण्यात धरून बघितलं. जीव न्हाई राहिला." वाक्य त्याच्या तोंडून सहज आलं, धंद्यातलं आलं. पप्पू आतून बाहेर आला, "दोन्हीबी?" "दोन्हीबी." मामी वाद घालेल, दवाखान्यावर चालून जाऊ म्हणेल, यासाठी तो तयार होता. तिनं सूप खाली ठेवलं, घरात गेली, चुलीतलं पेटलेलं लाकूड बाहेर ओढून पाण्यानं विझवलं, आणि न्हाणीत जाऊन लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. घरात मयत झाल्यावर घेतात तसं. निथळत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. "पोरगं होतं का पोरगी?" तिनं विचारलं. "ते कळत न्हाई मामी, लई बारीक असतं." "लई बारीक," ती म्हणाली. मग, "कुठं टाकलं त्यांनी?" याची तयारी त्यानं केली नव्हती. "मी आणलं मागून," तो म्हणाला. "वडगावला, भीमेत सोडलं. हिच्या राखेच्या जागी." मामीनं ओल्या पदरानं तोंड पुसलं. "मग बरं केलं बाबा," ती म्हणाली, "आईजवळ गेले," आणि तेव्हा कुठं मोठ्यानं रडली. मोनाली गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. पप्पूनं सोनमला फोन लावला. पलीकडून सोनम काय म्हणाली, ते ऐकू आलं नाही. पप्पू नुसता "व्हय, दोन्हीबी" म्हणाला.

घरी येईपर्यंत गेणबाला पप्पूचा फोन येऊन गेला होता. गेणबा ओट्यावर बसला होता. गोकुळनं टाकी सोडून खाली ठेवली, झाकण काढलं, लाकडी काठी आत बुडवून बाहेर काढली आणि काठीवर पांढरं कुठपर्यंत चढलंय ते बघितलं. भरायला झाली होती. "नुसती बघायला कांडी वितळवत्यात व्हय रं?" गेणबा म्हणाला. गोकुळ काठी पुसत राहिला. म्हाताऱ्यानं स्वतःच उठून टाकीवर झाकण ठेवलं आणि वर हातानं दाबून नीट बसवलं. "भाकरी खा," म्हणाला.

सकाळी पाशाभाईचा फोन आला. गाय रात्रीच व्यायली, कालवड झाली, आता चाटून झाली, उभी राहिलीय, बघायला तरी या डॉक्टर, असं म्हणाला. मागून हुसेनबीचा आवाज आला, "चहा प्यायला या म्हणावं, आता किती दिवस टाळणार?" गोकुळ येतो म्हणाला आणि गेला नाही.

केडगावात तिसऱ्या दिवशी चूल पेटली. सोनमसाठी आता दुसरीकडं स्थळं बघायला लागलेत, ती त्यांनाही नाही म्हणतेय. न्हावऱ्यात शंभू टपरीवर गोकुळला बघून उठला आणि काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. सगळ्यांच्या लेखी ते दोघे गेले, त्यांचं रडून झालं, आंघोळी झाल्या. पुण्याला टाकीत ते दोघे आहेत. मॅडमना अजून काही कळवलेलं नाही.